सानशो: लावणी, तोडणी आणि साठवण

कोकणात किंवा गोव्यात बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं टाकणाऱ्यांना सानशोची अर्धी ओळख झालेलीच असते. तीच जिभेवरची झिणझिण, तोच लिंबाच्या सालीसारखा वास, आणि 'साल ठेवायची, बी टाकायचं' हा नियमही तोच. दोन्ही झँथोझायलम या एकाच प्रजातीतली. तिरफळाचा मात्र उंच वृक्ष होतो आणि त्याच्या खोडावर जाड काटे असतात. सानशो (झँथोझायलम पायपेरिटम) हे जपान आणि कोरियातल्या डोंगरउतारांवर, पानझडी जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीला वाढणारं दोन-तीन मीटरचं झुडूप आहे. तिरफळाची आपण फक्त फळं वापरतो. सानशोचं कोवळं पान, फूल, हिरवा दाणा, पिकलेली साल, खोडाची साल आणि शेवटी लाकूड, सगळंच वापरात येतं. प्रत्येकाला आपापला हंगाम आहे आणि तो फार आखूड आहे. काहींना जेमतेम दहा दिवस मिळतात. सानशोचं काम बिघडतं ते बहुतेक वेळा या तारखा चुकल्यामुळे.

आधी ओळख पटवावी

जपानच्या जंगलात सानशोसारखी दिसणारी आणखी झाडं आहेत. त्यातलं सर्वांत फसवं 'इनुझानशो'. फरक काट्यांत आहे. सानशोच्या फांदीवर पानाच्या बुडाशी काटे जोडीने, समोरासमोर येतात. इनुझानशोचे काटे एकेकटे, एकाआड एक असतात. फुलण्याचा काळही वेगळा: सानशो एप्रिल-मेमध्ये फुलतं, इनुझानशो थेट जपानच्या भर उन्हाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये. तरीही शंका उरली तर पान चुरडून हुंगावं. सानशोला लिंबूवर्गीय, ताजा, किंचित पुदिन्याकडे झुकणारा वास येतो. इनुझानशोचा वास नकोसा असतो.

सानशोचं पान संयुक्त असतं, साधारण 11 ते 19 छोट्या पर्णिकांचं. पर्णिकेच्या कडेला बोथट दाते आणि दात्यांच्या खाचांत बारीक तेलग्रंथी असतात. पान उजेडासमोर धरलं की हे ठिपके पारदर्शक दिसतात. लिंबाच्या किंवा बेलाच्या पानातही असेच ठिपके दिसतात, कारण बेल, लिंबू, कढीपत्ता आणि सानशो एकाच कुळातले. सगळा वास या ग्रंथींत साठलेला असतो. त्या कधी फोडायच्या आणि तोवर कशा जपायच्या, एवढं लक्षात ठेवलं की पुढच्या सगळ्या कृतींमागचं कारण आपोआप कळतं.

हिमालयातलं टिमूर (झँथोझायलम आर्मेटम), ज्याच्या काड्यांनी उत्तराखंडात दात घासतात, तेही जपानात उगवतं. तिथे त्याला 'फुयुझानशो' म्हणतात. त्याच्या पानाच्या मधल्या शिरेला दोन्ही बाजूंनी पंखासारखी पट्टी असते आणि पर्णिका कमी पण मोठ्या असतात. त्याचा वास सानशोच्या तोडीचा नाही. मात्र त्याची मुळं दणकट असतात, म्हणून सानशोच्या कलमाला खुंट म्हणून ते वापरलं जातं.

रोप निवडताना

सानशोत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. दाणे हवे असतील तर मादी झाड लागतं, आणि परागीकरणासाठी जवळपास नर असलेला बरा. फक्त पानं हवी असतील तर कोणतंही चालतं. बियांपासून केलेल्या रोपाचं लिंग पहिल्या फुलापर्यंत कळत नाही आणि ते फूल यायला तीन ते पाच वर्षं जातात. म्हणून दाण्यांसाठी कलमच घ्यावं.

कलमांत दोन वाण प्रसिद्ध आहेत. ह्योगो प्रांतातल्या याबु शहराच्या असाकुरा भागातलं 'असाकुरा सानशो' जवळजवळ बिनकाट्याचं, त्यामुळे तोडणीला सोपं. वाकायामा प्रांतातलं 'बुदो सानशो' म्हणजे द्राक्ष-सानशो. त्याचे दाणे मोठे आणि द्राक्षांसारखे घोसाने लागतात. जपानातलं सानशोचं सर्वांत मोठं उत्पादन याच प्रांतात होतं. असाकुराचं बी पेरून बिनकाट्याचं झाड मिळेल अशी आशा धरू नये. बियांतून आलेल्या रोपांना बहुधा काटे परत येतात.

तरीही बी पेरायचंच असेल तर ते एकदाही पूर्ण वाळू देऊ नये, कारण वाळलेलं बी उगवत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळं तडकून काळं बी दिसू लागलं की ती सावलीत ठेवून बी सोडवावं, लगेच ओलसर वाळूत मिसळावं आणि हिवाळाभर फ्रिजमध्ये किंवा जमिनीत पुरून ठेवावं. मार्चमध्ये पेरून वर सेंटिमीटरभर माती द्यावी.

मुंबई-पुण्याहून जपानला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. परतताना सामानातून सानशोचं रोप किंवा बी आणू नये. वनस्पती आणि बियाणं भारतात आणायला 2003 च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार परवाना लागतो. शिवाय हे झाड थंड हिवाळ्याचं आणि उथळ मुळांचं आहे. कोकणच्या उकाड्यात आणि साचलेल्या पाण्यात त्याच्यामागे लागण्यापेक्षा परसात तिरफळ लावणं केव्हाही शहाणपणाचं.

लावणी, आणि झाड एकाएकी का मरतं

झाड झोपेत असताना लावावं. नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च, कोंब फुटण्याआधी. जागा अशी हवी की सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारनंतर सावली येईल. पश्चिमेच्या उन्हात मुळांजवळची माती तापते आणि सुकते, ते या झाडाला मुळीच सोसत नाही. खड्डा 40-50 सेंटिमीटर रुंद घ्यावा आणि मातीत तिसरा हिस्सा पालापाचोळ्याचं खत मिसळावं. पिशवीतून काढताना मुळांभोवतीचा मातीचा गोळा फोडू नये. मुळं मोकळी करून लावण्याची सवय इतर झाडांना चालून जाते, सानशोला चालत नाही. कलमाचा जोड मातीच्या वर ठेवावा. एकापेक्षा जास्त झाडं असतील तर मध्ये तीन मीटर अंतर सोडावं.

कुंडीत लावायचं असेल तर जपानी बाजारात मिळणारी 'आकादामा' माती सहा भाग आणि पानांचं खत चार भाग. दर दोन वर्षांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये एका आकाराने मोठी कुंडी द्यावी, तीही गोळा न फोडता.

बहरात असलेलं सानशो आठवड्याभरात माना टाकून वाळतं, अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. याचं मूळ मुळांच्या उथळपणात आहे. वरच्या थरातच पसरलेली मुळं दोन दिवसांच्या कोरडेपणाने सुकतात आणि तेवढ्याच साचलेल्या पाण्याने कुजतात. म्हणून बुंध्याभोवती पेंढ्याचं किंवा पानांचं पाच सेंटिमीटर जाड आच्छादन वर्षभर ठेवावं, खोडाला मात्र चिकटू देऊ नये. बुंध्याशी खुरपणी करू नये, तण हाताने उपटावं. कुंडीला वरची माती कोरडी दिसली की पाणी द्यावं, भर उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठू देऊ नये. खत बेताचं: एकदा फेब्रुवारीत, एकदा दाणे तोडल्यावर. एवढं सांभाळूनही कलमी झाड दहा-पंधरा वर्षांत थकतं, म्हणून दुसरं रोप आधीच लावून ठेवावं.

खोडाजवळ लाकडाचा भुसा सांडलेला दिसला तर आत खोडकिड्याची अळी आहे. छिद्रात तार घालून ती मारावी. पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी-पिवळी पूड म्हणजे तांबेरा. अशी पानं काढून जाळावी आणि फांद्या विरळ करून हवा खेळती करावी.

सगळ्यांत मोठा खवय्या म्हणजे फुलपाखराची अळी. आपल्याकडे लिंबू आणि कढीपत्त्यावर जी अळी येते तिचीच जपानी बहीण. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते आणि दोन-चार अळ्या कुंडीतलं झाड काही दिवसांत उघडंबोडकं करतात. पानं खायची असल्याने औषध फवारू नये. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत दर दोन दिवसांनी पानांवरची बारीक पिवळसर गोल अंडी आणि अळ्या हाताने वेचाव्या.

छाटणी डिसेंबर ते फेब्रुवारीत करावी, तीही हलकीच. वाळलेल्या, आत वळलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढाव्या. फुलं गेल्या वर्षीच्या फांद्यांच्या टोकांकडच्या डोळ्यांतून येतात. झाड गोल दिसावं म्हणून सगळी टोकं कापली की त्या वर्षी दाणा धरत नाही.

कोवळी पानं: किनोमे

मार्चअखेर ते एप्रिल. टोकाची तीन ते पाच सेंटिमीटरची, अजून मऊ आणि पोपटी असलेली पानं खुडावी. फांदीवरची तिसरा हिस्सा पानं तरी ठेवावी, नाहीतर झाड त्या वर्षी उभारी धरत नाही.

वापरण्याच्या क्षणी पान तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एकदाच टाळी द्यावी. तेवढ्याने ग्रंथी फुटतात आणि वास मोकळा होतो. चोळलं किंवा बोथट सुरीने चिरलं तर पान काळं पडतं. तसंच ते शिजवायचं नसतं. सूप किंवा शिजवलेल्या भाजीवर वाढताना शेवटी ठेवायचं असतं.

वसंतातला नेहमीचा पदार्थ म्हणजे बांबूच्या कोंबांना लावायचं किनोमे-मिसो. पांढरं मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) 100 ग्रॅम, साखर, मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू) आणि साके (तांदळाची दारू) प्रत्येकी एक मोठा चमचा मंद आचेवर तीन-चार मिनिटं ढवळत घोटावं आणि पूर्ण गार करावं. वीसेक किनोमे खरबरीत खलात वाटून त्यात मिसळावं आणि उकडलेल्या कोंबांचे 200 ग्रॅम तुकडे त्यात घोळवावे. मिसो कोमट असतानाच पानं घातली तर रंग मळकट होतो आणि वास उडतो. घाईने बिघडते ती हीच पायरी. हिरवा रंग अधिक हवा असेल तर उकडलेल्या पालकाचा थोडा गोळा घालतात.

उरलेली पानं ओलसर कागदात गुंडाळून डब्यात, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतात. वाळवली तर उपयोग राहत नाही.

नर झाडाची पिवळी फुलं, 'हानाझानशो', एप्रिलच्या शेवटी येतात आणि हफ्ता-दीड हफ्त्यात संपतात. पूर्ण उमलण्याआधी गुच्छच्या गुच्छ खुडावे आणि मांसाच्या पातळ कापांच्या रश्श्यात अगदी शेवटी, दहा सेकंदांपुरते बुडवावे. मादी झाडाची फुलं खुडली तर जूनचे दाणे गेले, हे विसरू नये.

हिरवा दाणा

वर्षातलं खरं काम हे. मेअखेर ते जूनचा मध्य. तारखेपेक्षा दाण्याची परीक्षा महत्त्वाची: दाणा नखाने दाबून फोडावा. आतलं बी पांढरं आणि मऊ असेल, नखाने सहज चिरडत असेल, तर तोड लगेच करावी. बी काळपट आणि कडक होऊ लागलं की कितीही उकळलं तरी दाताखाली वाळूसारखं लागतं. ही स्थिती आठवड्याच्या आत बदलते, म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यापासून दर दोन दिवसांनी एखादा दाणा फोडून बघावा.

तोडलेला दाणा त्याच दिवशी उकळावा. ढिगात राहिला तर तापतो आणि तपकिरी पडतो. 200 ग्रॅम दाण्याला दोन लिटर पाणी आणि एक मोठा चमचा मीठ घ्यावं. जाड देठं आधी काढावी. दाण्याला चिकटलेलं बारीक देठ उकळल्यावर सोडवलं तर लवकर निघतं.

पाण्याला खळखळून उकळी आली की दाणे टाकावे आणि झाकण न ठेवता पाच ते सात मिनिटं उकळावे. दोन बोटांत धरून दाबलेला दाणा चिरडला की झालं. लगेच चाळणीत ओतून बर्फाच्या किंवा अगदी गार पाण्यात टाकावा. इथे दिरंगाई झाली की रंग हिरव्याचा शेवाळी होतो. मग साध्या पाण्यात तासभर भिजत ठेवावा, मध्ये दोनदा पाणी बदलावं आणि एक दाणा चावून बघावा. जीभ बधिर होऊन पुढची चवच कळेनाशी झाली तर आणखी तासभर भिजवावा. मात्र रात्रभर ठेवू नये. तिखटपणा जाण्यासाठी जितकं भिजवावं तितका वासही पाण्यात जातो.

निथळून, कापडावर पसरून दाणे पूर्ण कोरडे करावे. ओल राहिली तर फ्रीजरमध्ये दाण्यांभोवती बर्फ धरतो आणि साल मऊ पडते. 50-50 ग्रॅमच्या पिशव्या भराव्या, हवा काढावी आणि गोठवाव्या. वर्षभर चांगले राहतात, लागतील तेवढे न वितळवताच भांड्यात टाकता येतात. फ्रीजर नसेल तर स्वच्छ बरणीत दाणे बुडतील इतका सोया सॉस ओतून फ्रिजमध्ये ठेवावं. पंधरा दिवसांत मुरतात आणि तो सॉससुद्धा टोफूवर घालायला उत्तम.

या दाण्यांचा क्योतोमधला नावाजलेला पदार्थ म्हणजे 'चिरिमेन सानशो'. चिरिमेन म्हणजे उकडून सुकवलेली अगदी बारीक मासळी. 100 ग्रॅम मासळीवर उकळतं पाणी ओतून निथळावी. 100 मिलिलिटर साके, सोया सॉस आणि मिरिन प्रत्येकी दोन मोठे चमचे एकत्र उकळून त्यात मासळी टाकावी आणि मध्यम आचेवर रस आटू द्यावा. रस तळाला थोडासा उरला की 20 ग्रॅम हिरवे दाणे घालावे. पूर्ण आटल्यावर ताटात पातळ पसरून गार करावं. दाणे सुरुवातीलाच घातले तर सगळी झिणझिण रसात उतरते आणि मासळी कडवट लागते. गरम भातावर चमचाभर पुरतं.

वाळलेली साल आणि तिची पूड

बाजारात हिरवी पूड मिळते ती साधारण जुलै-ऑगस्टमध्ये, दाणा पूर्ण भरलेला पण अजून हिरवा असताना तोडून केलेली. घरी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लालसर होऊन तडकू लागलेली फळं घेणं सोपं, कारण साल आणि बी आपणहून सुटतात. लाल फळांची पूड तपकिरी होते, पण वासाला खोल असते.

फळं एका थरात पसरून हवेशीर सावलीत वाळवावी. पहिल्या दिवशी थोडं ऊन दाखवलं तर चालतं. रोज कडक उन्हात ठेवली तर रंग आणि तेल दोन्ही उडतात. तीन-चार दिवसांत साल दोन शिंपल्यांसारखी उघडते. मग हाताने हलकं चोळावं आणि बी चाळून काढावं. काळं चकचकीत बी टाकून द्यावं. त्याला चव नाही, वास नाही, आणि एखाद-दुसरं राहिलं तरी पूड कचकचते. देठांचे तुकडेही वेचावे, ते कडू असतात. तिरफळं निवडण्याचा हात ज्याला आहे त्याला यात नवं काही नाही.

साल अख्खी, हवाबंद बरणीत, फ्रीजरमध्ये ठेवावी. दळायची ती जेवणाच्या वेळी, लागेल तेवढीच. मिक्सर वापरायचा तर दोन-तीन सेकंदांचे झटके देत, कारण भांडं तापलं की वास तिथेच संपतो. खलात कुटलेली पूड सर्वांत चांगली. बारीक गाळणीने गाळून वरचे पांढरट आतल्या सालीचे पापुद्रे टाकावे. दळलेली पूड काही आठवड्यांत निस्तेज होते. कपाटात वर्षभर पडलेली हिरवी पूड चाखून सानशो काहीच खास नाही असं ठरवू नये.

ही पूड वरून भुरभुरायची असते: भाजलेल्या ईलवर, काड्यांवर भाजलेल्या कोंबडीच्या याकितोरीवर, लाल मिसोच्या सूपवर, जाड उदोन शेवयांवर. एका माणसाला दोन-तीन चिमटी. सात मसाल्यांच्या 'शिचिमि' मिश्रणातही ती मिरची, संत्र्याची वाळलेली साल आणि तीळ यांच्यासोबत असते.

जिभेवरच्या झिणझिणीचं कारण हायड्रॉक्सी-अल्फा-सानशूल हे द्रव्य, ज्याचं नावच या झाडावरून पडलं. ते स्पर्श जाणणाऱ्या मज्जातंतूंना चाळवतं. 2013 साली लंडनमधल्या संशोधकांनी चिनी सिचुआन मिरी लोकांच्या ओठांना लावून पाहिलं, तेव्हा ती थरथर सेकंदाला सुमारे 50 कंपनांशी जुळली. चव नसलेली ही संवेदना दहा-पंधरा मिनिटं टिकते, म्हणून पहिल्या घासावर पुरेशी वाटली नाही तरी लगेच आणखी घालू नये.

सानशोच्या जागी तिरफळ वापरायचं असेल तर बी काढून, साल कुटून अर्ध्या प्रमाणाने सुरुवात करावी आणि लिंबाची किसलेली साल चिमूटभर मिसळावी. तिरफळ जास्त उग्र आहे. उलट, तिखल्यात सानशोची साल घालायची तर ती तिरफळासारखी आमटीबरोबर उकळू नये, गॅस बंद करताना ठेचून टाकावी. सिचुआन मिरी ही वेगळ्याच जातींची. तिने जीभ अधिक बधिर होते आणि लिंबाचा ताजेपणा कमी मिळतो.

जपानी औषधपद्धतीत, आतड्यांच्या तक्रारींवर दिल्या जाणाऱ्या 'दाइकेनचुतो' काढ्यात सानशो असतं. तो वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यायचा असतो. घरी पूड जास्त खाऊन काही बरं होत नाही, पोटात मात्र जळजळ होते.

खोडाची साल आणि लाकूड

कोवळ्या फांद्यांची साल सोलून, वरचा खरबरीत थर खरवडून, उकळून आणि दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून सोया सॉसमध्ये आटवतात. त्याला 'काराकावा' म्हणतात. क्योतोजवळच्या कुरामा भागात ती परंपरा आहे. ही सगळ्या अंगांमध्ये सर्वांत तिखट, भाताच्या वाडग्याला एक लहान तुकडा बस्स. सालीत द्रव्य इतकं तीव्र असतं की पूर्वी ती ओढ्यात टाकून मासे गुंगवत. आता तशी मासेमारी जपानात बेकायदा आहे. साल काढण्यासाठी जिवंत खोडाला हात लावू नये, छाटलेल्या फांद्या वापराव्या.

झाड वाळलं तर ते सरपणात घालवू नये. तीन-चार सेंटिमीटर जाडीचं खोड हे जपानी खलाच्या बत्त्यासाठी, 'सुरिकोगी'साठी, सर्वोत्तम मानलं जातं. लाकूड घट्ट असतं आणि काट्यांच्या बुडाशी आलेल्या गाठींमुळे हातातून निसटत नाही. 25 ते 30 सेंटिमीटरचा सरळ तुकडा सालीसकट कापावा, दोन्ही टोकांना मेण लावावं आणि सावलीत सहा महिने तरी वाळू द्यावा. मेण न लावता वाळवलं तर टोकांना चिरा जातात. नंतर काट्यांची टोकं तासावी, गाठी राहू द्याव्या आणि वाटायचं टोक घुमटासारखं गोल करून घासकागदाने गुळगुळीत करावं. वापरल्यावर साबण न लावता ब्रशने धुवावं, पाण्यात बुडवून ठेवू नये आणि वाऱ्यावर टांगून वाळवावं.